सेहत्याचा गोटा

दवनीवाडा, ता. १२ जुलै १९५६

गोवर्धन, तुले तुझ्या बाईचा आशीर्वाद.

तुझं कार्ड भेटलं. तीन महिन्यांत एक कार्ड, आणि त्यात चार ओळी. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल, पाऊसपाणी कसं आहे, कळावे. अरे, एवढं तर पोस्टमनही तोंडी सांगून गेला असता. गावातल्या बाया विचारतात, तुझा भाऊ तिकडे राजस्थानात काय करते? मी काय सांगू? गोटे फोडते सांगू? तुमसरच्या खाणीवर होता तेव्हा निदान मॅंगनीज म्हणता येत होतं. आता तर त्या गोट्यांचं नावही कोणाले माहीत नाही.

इकडे धानाचा रोवणा सुरू आहे. बाया भेटून नाही राहिल्या, ज्या भेटतात त्या दुपारी पाठ दुखते म्हणून बांधीवर बसून राहतात. तुझे भाऊजी सकाळी जातात ते चिखलाचे होऊन परत येतात. तू गेल्यापासून ते तुझं नाव काढत नाहीत. मनात राग आहे, की शेती सोडून गेला. पण कार्ड आलं की दोनदा वाचतात, तेही मी पाहून राहिली.

आता एक गोष्ट. लिहायले लाज वाटते, पण माय नाही, बाप नाही, तुले नाही लिहू तर कोणाले लिहू? मले चौथा महिना आहे. मागच्या दोन वेळेस काय झालं तुले माहीत आहे. दोन्ही वेळेस नऊ महिने भरले आणि हात रिकामेच राहिले. मले रोज भेव वाटते, गोवर्धन. कोणाजवळ बोलत नाही.

आणि घरात आमची बुढी. सासू नाही, ठाणेदार आहे. तोंडानं एक गोड शब्द नाही, मी चूल फुंकायले बसली की हातातली फुंकणी हिसकून घेते. गोवऱ्या पेटवायले गेली की म्हणते, तू सरक. जसं काही माझ्या हातचा जाळही वाईट आहे. दोन नातू गेले त्याचा दोष ती मलेच देते, दुसरं काय? राहू दे. तू सविस्तर पत्र लिही. कार्ड पाठवशील तर पोस्टमनच्या हातीच वापस करीन.

तुझी बाई,
धुरपता


खेतडीचा डोंगर, ता. २३ जुलै १९५६

ती. सौ. बाईस गोवर्धनाचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं, मग हसू आलं, मग पुन्हा पाणी आलं. बाई, या वेळेस सगळं नीट होईल. तू जड उचलू नकोस आणि बुढीच्या वाटेला जाऊ नकोस. ती फुंकणी मागते तर देऊन टाक आणि बसून राहा, तुझंच काम वाचतं.

आता गोट्यांचं ऐक. आम्ही जमिनीत लांब नळी घालून खालचा दगड वर काढतो, तांबं किती खोल आहे ते पाहायला. तांब्याच्या संगतीनं कधी कधी दुसरा एक दगड निघतो. इकडचे लोक त्याला सेहता म्हणतात. करडा, घासला तर चांदीसारखा चमकतो, आणि हातात घेतला की लहान असून भारी जड. प्रयोगशाळेतले बाबू सांगतात की यात कोबाल्ट नावाचा धातू आहे आणि तो गंधकाला धरून बसला आहे. दोघं इतके घट्ट की आगीशिवाय सुटत नाहीत.

परवा जयपूरचा एक म्हातारा मीनाकार छावणीवर आला होता. दागिन्यावर रंगीत काच चढवणारे ते मीनाकार. त्याच्या आज्याच्या वेळेस सोन्यावरचा निळा मीना याच सेहत्याचा व्हायचा. दगड भाजायचा, कुटायचा, धुवायचा, मग काचेत वितळवायचा, तेव्हा मोरपंखी निळा उतरायचा. पुढे विलायतेहून तयार निळी भुकटी डब्यांत येऊ लागली आणि इथल्या खाणी बसल्या. म्हातारा आमच्या दगडांच्या ढिगाजवळ बसून एकेक तुकडा जिभेजवळ नेऊन ठेवून देत होता. मी म्हटलं, बाबा, काय शोधता? म्हणाला, बापजाद्यांचा रंग.

तुझ्या हातातल्या निळ्या बांगड्या आहेत ना, त्यातला निळा कोबाल्टचाच. रंगात थोडा घातला तर रंग लवकर वाळतो. लोहचुंबकात घालतात. आणि सगळ्यात मजा अशी, की विलायतेत पेट्रोलातलं गंधक काढायला कोबाल्ट लावतात, आणि तोही आधी गंधकात मुरवून घेतलेला. काट्यानं काटा काढतात म्हण. हे सगळं बाबूंनी मला सांगितलं. साहेब लोकांचा माझ्यावर फार विश्वास आहे. कुठे नळी घालायची हेसुद्धा कधी कधी मला विचारून ठरवतात. गावात विचारलं तर हे सांग.

आमच्या छावणीतला तिरोड्याचा मनिराम सुट्टीवर येत आहे. त्याच्या हाती हे पत्र आणि सेहत्याचा एक गोटा पाठवतो. तुझ्यासाठी. आत्ता करडा दिसला तरी हसू नकोस, निळा आत आहे, आगीतून गेल्याशिवाय तो बाहेर येत नाही. भाऊजींनाही दाखव.

तुझा,
गोवर्धन


दवनीवाडा, ता. २१ ऑगस्ट १९५६

गोवर्धनास आशीर्वाद.

मनिराम एकदाचा आला. आधी स्वतःच्या सासुरवाडीत आठ दिवस बसला, मग तुझा गोटा आठवला. पत्र मी चार वेळा वाचलं. गोटा पाहून आधी मन खट्टू झालं. म्हणली, भावानं एवढ्या दुरून पाठवला तो हा? पण हातात घेतला आणि खरंच बाप्पा, केवढा जड. जणू काही लपवून बसला आहे.

तुझं पत्र मी तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. आधी तिकडे तोंड करून बसले होते, जसं ऐकतच नाहीत. निळा रंग म्हणताच वळले. तुले माहीत आहे, पोळ्याचं वेड केवढं आहे त्यांना. दरवर्षी तोरणाखाली आमची जोडी उभी राहते, शिंगांले लाल, फार तर सोनेरी. सगळ्यांच्या बैलांले तेच. आता म्हणतात, या पोळ्याले माझ्या मोरा-लाखाची शिंगं निळी राहतील, मोरपंखी. आणि रंग कोणाचा? माझ्या साळ्याचा, राजस्थानचा, सोन्यावर चढते तो. अरे, दीड वर्षात पहिल्यांदा माझा साळा म्हणाले.

भाजायचा कसा ते तू नीट लिहिलं नाही. भाऊजींनी गावच्या वैदूले विचारलं. तो म्हणाला, दगड भाजायचा तर फडक्यात गुंडाळून वरून माती लिंपायची आणि मंद आचेत आठ दिवस ठेवायचा. मग भाऊजींनी डोकं चालवलं. या दिवसांत माशा-चिलटं फार, म्हणून गोठ्यात सांज-सकाळ धुकनी करावीच लागते. शेण्या, कडुलिंबाचा पाला, जे असेल ते धुमसत राहते. म्हणाले, वेगळा जाळ कायले? या रविवारपासून गोटा धुकनीतच ठेवू, माशाही जातील आणि रंगही होईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी फोडू, तेलात खलू, शिंगांले लावू.

धुकनी विझू द्यायची नाही हे काम मले दिलं होतं. बुढीनं ऐकलं आणि लगेच, ती गोठ्यात जाणार नाही, मी पाहीन. पाहा, तुझा गोटा, पण तो राखायलेही मी चालत नाही तिले. तरी दूध काढायले तर मलेच जावं लागते, तेव्हा पाहीन तुझा निळा कसा होते ते.

आता बरं आहे. पाचवा सरला. पोटात हालचाल कळते.

तुझी बाई,
धुरपता


खेतडीचा डोंगर, ता. २७ ऑगस्ट १९५६

बाई,

हे पत्र हातात पडताच आधी धुकनी विझवायला सांग आणि मग पुढचं वाच. गोठ्यातून बैल बाहेर काढा. तू गोठ्यात पाय ठेवू नकोस. तारही केली आहे, पण तार आधी पोचेल की पत्र, मला माहीत नाही.

तुझं पत्र आज सकाळी आलं. मी वाचून हसत होतो. बाबूंनाही गंमत वाटेल म्हणून त्यांना सांगायला गेलो, की आमचे भाऊजी सेहता गोठ्यात भाजून बैलांची शिंगं रंगवणार. बाबू हसले नाहीत. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, किती दिवसांपासून?

सेहता दोन जातींचा असतो, बाई. एकात कोबाल्ट आणि गंधक एवढेच. तो भाजला तर गंधकाचा धूर येतो, डोळे झोंबतात, खोकला येतो, तोही वाईटच. पण दुसऱ्या जातीत तिसरा एक घुसून बसलेला असतो, तो सोमल. उंदरांना घालतात तोच सोमल. भाजला की तो धुरातून बाहेर येतो. जुने भाजणारे लोक घरापासून लांब, वाऱ्याच्या पाठीवर बसून भाजायचे, आणि तरी खंगायचे. बंद गोठ्यात, आठ दिवस, मातीत लिंपलेला असला तरी तो धूर अडत नाही. बाबू म्हणाले, गरोदर बाईनं तर त्याच्या जवळही जाऊ नये.

वरून दोन्ही जाती साध्या डोळ्यांना सारख्या. बाबूंनी विचारलं, तुम्ही पाठवलेला तुकडा कोणत्या थैलीतला? मला सांगता आलं नाही. चांगला मोठा दिसला म्हणून उचलला.

ओळखायची खूण एकच. सोमल जळतो तेव्हा लसणासारखा वास येतो. गोठ्यात लसणाचा वास आला का, ते लिही. कोणाला ओकारी, घशात जळजळ, पोटात मुरडा, तर तडक गोंदियाला डॉक्टरकडे जा. राख गव्हाणीत किंवा विहिरीजवळ पडू देऊ नका, लांब खड्ड्यात पुरा. बैलांचा चारा बदला.

भाऊजींना सांग, दोष त्यांचा नाही. आगीतून काढा असं मीच लिहिलं. उलट टपाली उत्तर दे. चार शब्द लिही, कार्ड लिही.

गोवर्धन


खेतडीचा डोंगर, ता. ५ सप्टेंबर १९५६

बाई,

उत्तर नाही. काल पोळा झाला असेल. इकडे पोळा नाही, दिवसभर माझं लक्ष टपालाच्या उंटाकडे होतं. रजा मागितली. साहेब म्हणाले, पाऊस संपल्यावर पाहू. बाबू रोज विचारतात, आलं का? मी मान हलवतो. आता तेही विचारायचे थांबले आहेत.

एक खोटं तुझ्याजवळ कबूल करायचं आहे. नळी कुठे घालायची ते मला कोणी विचारत नाही. माझं काम एवढंच, की जो दगड वर येईल त्याच्या थैलीवर नंबर लिहायचा. दिवसाला दोनशे थैल्या, दोनशे नंबर. बाकी काही नाही. आणि ज्याला नंबर लिहिण्याचाच पगार मिळतो, त्यानं बहिणीला पाठवलेल्या एका गोट्यावर नंबर लिहिला नाही. लिहिला असता तर त्यात सोमल आहे की नाही हे बाबू अर्ध्या तासात सांगू शकले असते.

मला मोठेपणा दाखवायचा होता. गोटे फोडतो म्हणालीस ते लागलं. तुझ्या घरात काही वाईट झालं असेल तर ते माझ्या त्या लागण्यामुळे झालं. लिहायचं ते लिही, शिव्या लिही, पण लिही.

गोवर्धन


दवनीवाडा, ता. १२ सप्टेंबर १९५६

गोवर्धन, आधी हे वाच. सगळे जिवंत आहेत. मी, पोटातलं, तुझे भाऊजी, बुढी, दोन्ही बैल, गाय, वासरू, सगळे. घास गोड करून खा आणि मग बाकीचं वाच.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी भेटलं. त्याच दिवशी नाला असा चढला की आठ दिवस रस्ता बंद, पोस्टमनही गोंदियातच अडकला. तुझं दुसरं पत्र काल आलं. म्हणून उशीर. मी मुद्दाम नाही छळलं तुले.

आता पहिल्यापासून सांगते. रविवारी मातीत लिंपलेला गोटा धुकनीत ठेवला. बुढी स्वतः राखायले बसली. मी दूध काढायले जाऊन येत होती. शुक्रवारी दुपारी तार आली. इंग्रजीत. शाळेतल्या मास्तरनं वाचली, गोटा विष आहे, जाळू नका, सगळे बाहेर निघा. मास्तर वाचून स्वतःच दोन पावलं मागे सरकला. तुझे भाऊजी चिखलाच्या पायानं गोठ्यात धावले, दोराही सोडला नाही, कापला. बैल अंगणात पावसात उभे. धुकनीवर घागरीच्या घागरी पाणी. मग सगळ्यांले एकदमच आजार व्हायले लागले. भाऊजींचा घसा जळे. शेजारची पुष्पाबाई एकदा शेणी मागायले गोठ्यात आली होती, तिले ओकारी झाली. मोरा खोकलला. मले वाटलं, पोट थंड पडलं.

दुसऱ्या दिवशी छकड्यात बसून गोंदियाले गेलो. डॉक्टरनं तपासलं. सध्या काही दिसत नाही, पण काय जाळलं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाला. परत आलो. माझ्यानं घास गिळवे ना. भाऊजी माझ्याकडे पाहून राहिले होते, पण जवळ येऊन बसायची हिंमत नव्हती त्यांची. एकदा म्हणाले, शिंगं रंगवायले निघालो मी. बस, तेवढंच.

आणि सोमवारी तुझं पत्र आलं. बैलांची खांदशेकणी चालू होती, हळद-तूप लावून त्यांना उद्या जेवायले या असं आवतन देत होते. मी ओसरीवर बसून वाचलं, मोठ्यानं, सगळ्यांसाठी. लसणाच्या वासापाशी आली आणि तिथंच अडली. कारण गोवर्धन, गोठ्यात लसणाचाच वास होता. पहिल्या दिवसापासून. मी रोज दूध काढताना तो घेतला होता. उलट मले बरं वाटलं होतं, की लसूण म्हणजे औषध. पत्र हातातून पडलं. मी म्हणली, हेही गेलं. तिसरंही गेलं.

बुढी हळदीचा हात घेऊन बैलाजवळ उभी होती. ती म्हणाली, "नाही गेलं. लसूण मी टाकला होता."

म्हणाली, रोज मूठभर सालपटं धुकनीत टाकत होती, माशांसाठी. भाऊजी म्हणाले, पण गोटा तर जळलाच ना. बुढीनं वरवर हात पुसला, आत गेली, तिचं गाठोडं आहे ना, लग्नाच्या लुगड्याचं, ते आणलं आणि सोडलं. लुगड्याच्या घडीत तुझा गोटा. करडाच्या करडा, जसा मनिरामनं आणला तसा.

भाऊजींनी शनिवारी गोटा लिंपून ओसरीवर वाळत ठेवला होता आणि बांधीवर गेले होते. त्या वेळेस बुढीनं माती उकलली, तुझा गोटा काढला, फुटक्या पाट्याचा तुकडा आत घातला आणि पुन्हा लिंपून ठेवला. पाच दिवस आम्ही मसाल्याचा पाटा भाजून राहिलो होतो, गोवर्धन. पुष्पाबाईले ओकारी झाली ती पाट्याच्या धुरानं.

भाऊजींले राग यावा की हसू यावं समजे ना. म्हणाले, माय, तार आली तेव्हा काऊन नाही सांगितलं? ती म्हणाली, तार म्हणे गोटा विष आहे, आणि विष तर माझ्या लुगड्यात. मले वाटलं, आता घरात विष लपवलं म्हणून माझ्यावरच येते. गोटा तर जळलाच नाही, चार दिवस ओरडतील आणि गप होतील. पण ही जेवायचीच थांबली.

मी विचारलं, पण बदलला कायले? तुम्हाले तर विष माहीत नव्हतं.

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून बोलली. "माहेरून आलेली वस्तू भरल्या पोटाच्या बाईच्या घरात आगीत घालतात का? मागच्या दोन्ही वेळेस तू चुलीच्या धुरात बसून राहिली, मी काही म्हणली नाही. माझ्या मनातून ते जात नाही. दोन तुझे गेले, ते माझे नव्हते का?"

फुंकणी ती यासाठी हिसकत होती, गोवर्धन. आणि मी तुले काय काय लिहिलं. मी ओसरीवरच रडली, आणि तिनं मले पोटाशी धरलं. हळद माझ्या लुगड्याले लागली, ती अजून निघाली नाही, आणि मी घासतही नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्याले आमची जोडी लाल शिंगांनीच गेली. तोरणाखाली भाऊजींनी झडतीचं गाणं म्हटलं ते इतक्या जोरात की मागच्या वर्षीची सगळी कसर निघाली.

आणि तुझ्या खोट्याचं. अरे वेड्या, थैलीवर नंबर लिहितो हे मनिरामनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्हाले कधीचं माहीत आहे. तरी तुझे भाऊजी गावात सांगत फिरतात की साळ्याले विचारल्याशिवाय तिथे जमीन खणत नाहीत. मी त्यांना खोटं पाडलं नाही, तू पाडू नको. दोनशे नंबर रोज न चुकता लिहिणं हे काही कमी काम नाही, माझ्यानं तर वीसही झाले नसते.

आता हा गोटा ठेवायचा कुठे, तेवढं बाबूंले विचार.

तुझी बाई,
धुरपता


खेतडीचा डोंगर, ता. १९ सप्टेंबर १९५६

ती. सौ. बाईस,

पहिली ओळ वाचली आणि मी तिथंच, थैल्यांच्या ढिगावर बसलो. पुढचं वाचायला दहा मिनिटं लागली. मग पत्र घेऊन बाबूंकडे धावलो. मराठी त्यांना येत नाही, मी हिंदीत सांगत गेलो. पाट्यापाशी आलो तेव्हा ते खुर्चीतून वाकून हसले, आणि लुगड्यापाशी आलो तेव्हा चष्मा पुसू लागले. म्हणाले, आपकी बुढी माँ को मेरा प्रणाम लिखिए. लिहिला.

बाबू म्हणतात, न भाजलेला, न कुटलेला दगड तसाच ठेवला तर त्यातून काही निघत नाही. हातात घेतला तर हात धुवा, लहान मुलाच्या हाती पडू देऊ नका. पण मला भरवसा वाटत नाही. मनिराम अजून तिकडेच आहे, परत येताना त्याच्याजवळ दे. मी त्याच्यावर नंबर लिहून थैलीत टाकीन, आणि मग त्यात काय होतं ते बाबू सांगतील. होतं तर होतं, नव्हतं तर नव्हतं, मला दोन्ही आता सारखंच.

बुढीला माझा दंडवत. तू तिला ठाणेदार म्हटलेलं वाचून मी हसलो होतो, तेवढं तिला सांगू नकोस. आणि भाऊजींना सांग, डिसेंबरात रजा मंजूर झाली आहे. धान कापायला नाही, निदान चुरण्या-मळणीला हात लावीन.

तुझा,
गोवर्धन


दवनीवाडा, ता. १० डिसेंबर १९५६

गोवर्धनास आशीर्वाद.

तू निघण्याआधी हे पोचते की नाही, माहीत नाही. पोचलं तर गाडीत वाच. मी पडून लिहून राहिली, अक्षर वाकडं आहे.

शनिवारी सकाळी मोकळी झाली. पोरगी आहे. रंगानं तुझ्यासारखी, नाक भाऊजींचं. दोन दिवस कळा चालू होत्या. सुईण सुशीलाबाई आणि बुढी, दोघीच जवळ. बुढीनं चूल दुसऱ्या घरात नेली होती, पाणीही तिकडूनच तापवून आणे. माझा हात तिनं सोडला नाही, तिच्या बोटांवर माझी नखं उमटली आहेत.

तुले एक सांगते, कोणालेच सांगितलं नव्हतं. मागच्या दोन्ही वेळेस मोकळी झाल्यावर खोलीत कोणाचाच आवाज नव्हता. सुईण बोलली नाही, बुढी बोलली नाही, पोर रडलं नाही. मी त्या आवाजाची वाट पाहून राहिली होती आणि तो आला नाही. या वेळेस मी डोळे मिटून घेतले होते. ऐकायचंच नव्हतं मले.

आणि मग हिनं जो सूर लावला, गोवर्धन. अंगणभर. गोठ्यातले बैल उठून उभे राहिले म्हणतात. संपता संपे ना. भाऊजी बाहेरून दारावर हात मारून विचारत होते, एवढी काऊन रडते, काही दुखते का तिले, उगी करा ना कोणी.

बुढीनं पोरीले उचलून माझ्या कुशीत ठेवलं, माझ्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "रडू दे."